कॅम आणि स्प्रिंग : वेगवान मोटार-एंजिनाच्या इतिहासातील एक उपेक्षित संबंध

१

मोटार-एंजिनाच्या विकासाचा इतिहास लिहिताना कॅमशाफ्टला मानाचे स्थान देण्याची प्रथा पडून गेली आहे. कॅमशाफ्ट प्रथम सिलिंडरच्या बाजूस होता, पुढे तो माथ्यावर गेला, मग एकाचे दोन झाले, अशा क्रमाने या विकासाचे टप्पे सांगितले जातात. कॅमने उघडलेली झडप परत मिटविणाऱ्या स्प्रिंगचा उल्लेख मात्र एखाद्या तळटीपेत येतो, किंवा येतही नाही. वस्तुतः झडपेच्या हालचालीचा अर्धा भागच कॅमच्या सत्तेत असतो. कॅम झडपेला ढकलू शकतो. ओढू शकत नाही. परतीचा सारा प्रवास स्प्रिंगच्या भरवशावर होतो. त्यामुळे कॅमचा आकार कितीही धाडसी असला, तरी त्या आकाराबरहुकूम झडप चालेल किंवा नाही, हे स्प्रिंगच ठरविते. वेगवान एंजिनाचा इतिहास हा या दोहोंच्या संबंधाचा इतिहास आहे आणि त्या दृष्टीने पाहिल्यास त्यातील अनेक सुटे वाटणारे प्रसंग एका सूत्रात ओवले जातात. हे सूत्र दाखविणे हाच प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

२

प्रारंभीच्या एंजिनांत हा प्रश्न जवळजवळ नव्हताच. गोटलीब डाइमलरचे १८८५ चे एंजिन मिनिटाला सुमारे ६०० फेरे करी. जळलेला वायू बाहेर सोडणारी निष्कास-झडप कॅमने उघडली जाई. परंतु इंधनमिश्रण आत घेणारी अंतर्गम-झडप सिलिंडरमधील शोषणानेच आपोआप उघडत असे. तिच्यावरील स्प्रिंग मुद्दाम दुबळी ठेवावी लागे, कारण ती जोरकस केल्यास शोषणाला झडप उघडताच येत नसे. स्प्रिंगचे काम तेव्हा दाराच्या कडीइतकेच होते. द दिओं-बूतों यांच्या १८९५ च्या छोट्या एंजिनाने याच पद्धतीने मिनिटाला १,५०० फेऱ्यांपर्यंत मजल मारली. पण येथून पुढे वाट अरुंद होत गेली. दुबळी स्प्रिंग वेळेवर झडप मिटवू शकत नव्हती, आणि बळकट स्प्रिंग ती उघडू देत नव्हती.

ही कोंडी विल्हेल्म मायबाख याने फोडली. १९०१ साली लोकांपुढे आलेल्या ३५ अश्वशक्तीच्या मर्सेडीज मोटारीत अंतर्गम-झडपाही कॅमनेच उघडण्याची व्यवस्था त्याने केली. या बदलाचे वर्णन सामान्यतः ‘झडपेवर यंत्राचे नियंत्रण आले’ असे केले जाते. ते खरे असले तरी अपुरे आहे. या बदलामुळे स्प्रिंग प्रथमच स्वतंत्र झाली. उघडण्याचे काम कॅमकडे गेल्यामुळे मिटविण्यासाठी हवी तेवढी जोरकस स्प्रिंग बसविण्याची मोकळीक मिळाली. कॅम आणि स्प्रिंग यांची जोडी खऱ्या अर्थाने येथे जन्मास आली, आणि तिच्यातील विसंवादाची शक्यताही त्याच क्षणी निर्माण झाली.

३

हा विसंवाद कसा उत्पन्न होतो, हे समजून घेतल्याखेरीज पुढील इतिहासाचा उलगडा होणार नाही. कॅमची बाजू टॅपेटला वर लोटते तेव्हा झडपेला गती मिळते. परंतु झडप पूर्ण उघडण्यापूर्वीच तिची गती मंदावली पाहिजे, शिखरावर ती क्षणभर थांबली पाहिजे आणि मग उलट दिशेने निघाली पाहिजे. हे मंदावणे, थांबणे आणि परतणे केवळ स्प्रिंगच्या जोरावर होते. तो जोर झडप, तिची टोपी, रॉकर, पुशरॉड आणि टॅपेट यांच्या एकत्रित जडत्वाला पुरा पडला नाही, तर झडप कॅमचा माथा सोडून पुढे निघून जाते. इंग्रजी बोलणारे कारागीर याला झडपेचे ‘तरंगणे’ म्हणतात. शब्द हळुवार असला तरी परिणाम हळुवार नसतो. तरंगलेली झडप परतताना कॅमच्या नियोजित उतारावर न येता बैठकीवर आदळते, तेथून उसळते, आणि वर येणाऱ्या पिस्टनच्या वाटेत सापडली तर एंजिनाचा चुराडा होतो.

यातील गणिताचा एकच भाग लक्षात ठेवण्याजोगा आहे. विशिष्ट कॅमसाठी झडपेचा प्रवेग एंजिनाच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट झाला की लागणारा जोर चौपट होतो. समजा, एखाद्या एंजिनात मिनिटाला ३,००० फेऱ्यांना झडप माघारी वळविण्यास १०० न्यूटन जोर लागतो. तर ६,००० फेऱ्यांना तो ४०० न्यूटन होईल, आणि आणखी केवळ १,००० फेरे वाढविले तर सुमारे ५४४ न्यूटन. वरच्या टोकाला वेगातील अल्प वाढही किती महाग पडते, ते यावरून दिसेल.

दुसरी गोष्ट अशी की हा जोर झडप किती उंच उचलली जाते, एवढ्यावरच अवलंबून नसतो. ती उंची किती अवधीत गाठली जाते, यावरही तो अवलंबून असतो. सारखीच उंची देणारे दोन कॅम घेतले आणि एकाने ती २४० अंशांत, तर दुसऱ्याने २८० अंशांत दिली, तर स्थूलमानाने दुसऱ्याचा प्रवेग पाव हिश्शाने कमी भरतो. म्हणजे शर्यतीचा म्हणून विकला जाणारा दीर्घ अवधीचा कॅम काही वेळा स्प्रिंगच्या दृष्टीने सौम्य असू शकतो, आणि घरगुती दिसणारा अल्प अवधीचा, पण उंच कॅम तिचा घात करू शकतो. कॅमवरून स्प्रिंग ठरवावयाची ती या हिशेबाने, कॅमच्या कीर्तीवरून नव्हे.

१९१२ च्या प्यूजो मोटारीचे यश या संदर्भात पाहावे. ७.६ लिटरच्या त्या एंजिनात माथ्यावर दोन कॅमशाफ्ट आणि प्रत्येक सिलिंडरला चार झडपा होत्या. जॉर्ज ब्वायो याने त्या वर्षी दिएप येथील फ्रेंच ग्रां प्री जिंकली, आणि पुढील वर्षी ज्यूल गू याने प्यूजो मोटारीवरच इंडियानापोलिसची शर्यत जिंकली. चार झडपांमुळे वायूला वाट अधिक मिळाली, हे कारण सर्वत्र दिले जाते. त्याच्या जोडीला हेही सांगितले पाहिजे की दोन मोठ्या झडपांऐवजी चार लहान झडपा घेतल्या की प्रत्येकीचे वजन घटते, आणि कॅम माथ्यावर नेला की लांब पुशरॉडचे ओझेही जाते. स्प्रिंगने पेलावयाचा भारच येथे हलका करण्यात आला होता. स्प्रिंगचे बळ वाढविण्याचा हा अप्रत्यक्ष, पण सर्वांत शहाणपणाचा मार्ग ठरला.

४

पहिल्या महायुद्धानंतर एक निराळेच कोडे पुढे आले. हिशेबाप्रमाणे स्प्रिंगचा जोर पुरेसा असूनही काही एंजिनांत ठराविक वेगावर झडपा बेताल होत, स्प्रिंगा तुटत. आणि तो वेग ओलांडला की एंजिन पुन्हा सुरळीत चाले. केवळ जोराच्या उणिवेने याचा खुलासा होत नव्हता. १९२९ च्या सुमारास अमेरिकेत डॉन्किन आणि क्लार्क यांनी विद्युत-उपकरणाच्या साहाय्याने चालत्या स्प्रिंगच्या हालचालीचा अभ्यास प्रसिद्ध केला. अशा अभ्यासांतून स्पष्ट झाले ते असे की स्प्रिंग ही निव्वळ जोर देणारी निर्जीव वस्तू नसून तिला स्वतःचे वजन आणि स्वतःची स्वाभाविक कंप्रता असते. तिच्या वेटोळ्यांतून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत लाट धावत असते. कॅमने दिलेल्या गतीतील एखादा घटक या स्वाभाविक कंप्रतेशी जुळला की अनुस्पंदन होऊन ही लाट बळावते. लाटेचा पडता भाग झडपेपाशी आला की त्या क्षणी स्प्रिंगचा जोर कागदावरील आकड्याच्या कितीतरी खाली जातो.

उदाहरणार्थ, स्प्रिंगची स्वाभाविक कंप्रता सेकंदाला ४०० आवर्तने आहे असे मानू. एंजिन मिनिटाला ६,००० फेरे करीत असता कॅमशाफ्ट त्याच्या निम्म्या वेगाने, म्हणजे सेकंदाला ५० वेळा फिरतो. तेव्हा कॅमच्या गतीतील आठव्या पटीचा घटक स्प्रिंगशी बरोबर जुळेल. ४,८०० फेऱ्यांना दहाव्या पटीचा जुळेल. सामान्यतः पट जितकी लहान तितका तो घटक प्रबळ. म्हणून स्प्रिंगची कंप्रता शक्य तितकी उंच ठेवणे आणि कॅमचा आकार असा आखणे की हे घटक मुळात क्षीण राहावेत, हे दोन उपाय ठरतात. पहिला उपाय स्प्रिंग करणाऱ्याच्या हातचा आणि दुसरा कॅम आखणाऱ्याच्या हातचा. दोघांनी परस्परांशी बोलल्यावाचून प्रश्न सुटत नाही, हे या शोधाचे खरे तात्पर्य होते.

व्यवहारात यातून अनेक युक्त्या निघाल्या. एका स्प्रिंगच्या पोटात निराळ्या कंप्रतेची दुसरी बसविली, की एक डगमगली तरी दुसरी झडप धरून ठेवते. दोहोंमध्ये घट्ट बसणारी सपाट पट्टी घातली की तिच्या घर्षणाने लाट विरते. नॉर्टन मोटारसायकलींत आणि फेरारीच्या आरंभीच्या बारा सिलिंडरांच्या एंजिनांत केसांच्या आकड्यासारख्या स्प्रिंगा वापरल्या गेल्या, तर फ्रान्समधील पानार कंपनीने आपल्या छोट्या मोटारीत पिळल्या जाणाऱ्या दांड्यांकडून हेच काम करून घेतले. धातुविद्येनेही हात दिला. ए. एम. वाल याने १९२९ मध्ये वेटोळ्याच्या आतील बाजूस ताण अधिक का असतो, याचे गणित मांडले. १९३० नंतरच्या काळात बारीक पोलादी गोळ्यांचा मारा करून तारेचा पृष्ठभाग दाबून घट्ट करण्याची रीत रूढ झाली; जनरल मोटर्सच्या संशोधनशाळेतील जॉन आल्मेन याचे नाव तिच्याशी निगडित आहे. भेग नेहमी पृष्ठभागापासून सुरू होत असल्यामुळे या रीतीने स्प्रिंगचे आयुष्य पुष्कळच वाढले.

५

आतापर्यंतचा इतिहास कारखान्यांचा आणि प्रयोगशाळांचा झाला. याच सुमारास दक्षिण कॅलिफोर्नियात एक समांतर परंपरा घडत होती, आणि तिचे कर्ते बहुतांशी हौशी तरुण होते. जुन्या फोर्ड मोटारी घ्यावयाच्या, त्यांची एंजिने उघडून सुधारावयाची आणि म्यूरॉकसारख्या कोरड्या सरोवरांच्या सपाट तळांवर त्या पळवावयाच्या, असा हा उद्योग होता. १९३७ मध्ये या शर्यतींचे नियमन करणारी सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन स्थापन झाली. १९३२ मध्ये बाजारात आलेले फोर्डचे आठ सिलिंडरांचे एंजिन हे या मंडळींचे लाडके साधन होते.

नवा कॅमशाफ्ट घडविणे त्यांच्या आवाक्याबाहेरचे असल्याने ते जुनाच घासून घेत. या कलेचा आद्य आचार्य एड विनफील्ड हा होय. कॅमचा माथा कायम ठेवून त्याच्या पाठीकडील गोलाकार भाग घासला, की माथा आणि पाठ यांतील अंतर वाढते आणि झडप अधिक उचलली जाते. युक्ती साधी होती. पण पाठ खाली गेल्यामुळे टॅपेट आणि झडप यांच्यातील मोकळीक वाढे आणि ती भरून काढण्यास लांबी कमीजास्त करता येणारे टॅपेट लागत. त्याहून मोठी अडचण स्प्रिंगची होती. मूळ स्प्रिंग मूळ कॅमसाठी आणि मूळ वेगासाठी योजलेली होती. तेव्हा या तरुणांनी शोध घेतला आणि त्याच कंपनीच्या बारा सिलिंडरांच्या लिंकन झेफर मोटारीच्या अधिक जोरकस स्प्रिंगा फोर्डच्या एंजिनात बसविण्यास सुरुवात केली. पुढे तर घासलेला कॅम आणि झेफरच्या स्प्रिंगा ही जोडगोळी त्या परंपरेचा संकेतच होऊन बसली. समीकरणे न मांडता अनुभवाने गाठलेला हा निष्कर्ष प्रयोगशाळेच्या निष्कर्षाशी जुळणारा होता, ही बाब संशोधकाने नोंद घेण्याजोगी आहे.

अर्थात अनुभवाचा मार्ग चुकांमधून जातो. जोरकस स्प्रिंग चांगली, तर अतिजोरकस अधिक चांगली, असा समज कारागिरांत सहज पसरतो. त्याची किंमत कॅम मोजतो. कॅमचा माथा आणि टॅपेट यांच्या स्पर्शाची जागा अत्यंत अरुंद असते; तेथील तेलाचा पातळ थर अवाजवी दाबाने फुटला की माथा झिजून गोल होतो, आणि ज्या उंचीसाठी एवढा खटाटोप केला तीच नाहीशी होते. पुशरॉड वाकतात, रॉकरचे खुंट उपटून येतात. उलट बाजूस, उंच कॅमबरोबर जुनी आखूड चालीची स्प्रिंग ठेवली, तर झडप पूर्ण उघडण्यापूर्वीच वेटोळी एकमेकींना भिडतात. मग स्प्रिंग ही स्प्रिंग न राहता पोलादाची नळी होते आणि काहीतरी मोडणे अटळ ठरते. म्हणून जाणता कारागीर झडप मिटलेली असतानाचा दाब, पूर्ण उघडी असतानाचा दाब, आणि त्या स्थितीत वेटोळ्यांमध्ये उरलेले अंतर, ही तीन मापे प्रत्यक्ष घेऊनच एंजिन बंद करतो.

दुसऱ्या महायुद्धानंतर एड इस्केन्डेरियनसारख्यांनी लॉस एंजेलिसमध्ये कॅम घासण्याचा मोठा व्यवसाय उभारला. कालांतराने या धंद्यात नुसता कॅम न विकता त्याच्याबरोबर जुळणाऱ्या स्प्रिंगा, टोप्या आणि टॅपेट यांचा संच विकण्याची चाल पडली. कॅम आणि स्प्रिंग ही एकच वस्तू आहे, याची ती व्यापारी कबुलीच होती.

६

शास्त्राच्या बाजूनेही हीच कबुली त्या काळात दिली जात होती. १९४८ मध्ये डब्ल्यू. एम. डडली याने कॅमच्या आखणीची नवी रीत मांडली. तोवर कॅमचा आकार आखून झडप तो जसाच्या तसा गिरवील असे गृहीत धरीत. डडलीने क्रम उलटा केला. झडपेची हालचाल कशी हवी ते आधी ठरवावयाचे, मग मधले पुशरॉड, रॉकर इत्यादी भाग दाबाखाली किती लवतात, याचा हिशेब धरून त्यानुसार कॅमचा आकार काढावयाचा. १९५२ मध्ये थोरेन, एंगेमन आणि स्टॉडर्ट यांनी ही दृष्टी पुढे नेली. बहुपदी आणि गतिशास्त्र यांसाठीच्या इंग्रजी शब्दांचे तुकडे जोडून ‘पॉलिडाइन’ असे नाव या कॅमला मिळाले. भाषेच्या दृष्टीने हा जोडशब्द कामचलाऊ असला, तरी कल्पनेच्या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. आकाराचे गणित आणि गतीचे शास्त्र त्यात प्रथमच एका शब्दात नांदू लागले.

हौशी परंपरा आणि कारखान्याची विद्या यांचा संगम शेव्हरोलेच्या १९५५ च्या आठ सिलिंडरांच्या एंजिनाभोवती झाला. त्याचे रॉकर पत्र्यातून दाबून काढलेले आणि हलके, तर पुशरॉड पोकळ होते. म्हणजे स्प्रिंगवरचा भार मुळातच कमी होता. झोरा आर्कस-डुन्टोव याने यासाठी आखलेला कॅम त्याच्याच नावाने प्रसिद्ध झाला, आणि १९५५-५६ च्या हिवाळ्यात डेटोनाच्या वाळूवर त्याने कॉर्व्हेट मोटार ताशी १५० मैलांहून अधिक वेगाने नेली. १९५७ मध्ये २८३ घनइंचांच्या एंजिनातून मिनिटाला ६,२०० फेऱ्यांवर २८३ अश्वशक्ती मिळाल्याचे कंपनीने घोषित केले. त्या एंजिनात तेलाच्या दाबाने आपोआप मोकळीक भरणारे टॅपेट न वापरता साधे भरीव टॅपेट वापरले होते. याचे कारणही आपल्या विषयाशीच येऊन भिडते. झडप क्षणभर तरंगली की तेलाचे टॅपेट ती पोकळी भरून काढते आणि झडप मिटूच देत नाही.

७

स्प्रिंगची ही सारी पथ्ये पाळण्यापेक्षा स्प्रिंगच काढून टाकली तर? हा विचार फार जुना आहे. उघडण्यासाठी एक कॅम आणि मिटविण्यासाठी दुसरा, अशा रचनेला ‘डेस्मोड्रोमिक’ म्हणतात. ग्रीक भाषेत ‘देस्मोस’ म्हणजे बंधन आणि ‘द्रोमोस’ म्हणजे धाव. ज्या झडपेची धाव दोन्ही दिशांनी बांधलेली आहे, ती ही झडप. १९१४ च्या फ्रेंच ग्रां प्रीसाठी दलाज कंपनीने अशी रचना केली होती. पण त्या वेळच्या कारागिरीला तिची सूक्ष्म मापे झेपणारी नव्हती. पुढे याच दलाज कंपनीने १९२७ च्या आपल्या दीड लिटरच्या विख्यात एंजिनात मिनिटाला ८,००० फेरे गाठले, ते साध्या स्प्रिंगांच्याच बळावर.

१९५४ साली मर्सेडीज-बेंझने डब्ल्यू १९६ या मोटारीत ही कल्पना पुन्हा हाती घेतली, आणि ४ जुलै १९५४ रोजी रॅंस येथे फांजिओने पहिल्याच शर्यतीत ती विजयी केली. झडप बैठकीवर घट्ट बसण्यासाठी शेवटी एखादी लहान स्प्रिंग लागेल अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात सिलिंडरमधील दाबच ते काम करतो असे दिसून आले. इटलीत फाबिओ तालिओनी याने १९५६ मध्ये डुकाटीच्या १२५ घनसेंटिमीटरच्या शर्यतीच्या मोटारसायकलीस हीच रचना दिली, आणि १९६८ पासून ती ग्राहकांसाठी विकल्या जाणाऱ्या मोटारसायकलींतही आली.

परंतु बहुसंख्य यंत्रज्ञांनी स्प्रिंग सोडली नाही. १९६७ मध्ये झांडव्होर्ट येथे पहिल्याच शर्यतीत जिम क्लार्कला विजय मिळवून देणारे कॉसवर्थ डीएफव्ही एंजिन मिनिटाला ९,००० फेरे करीत असे, आणि त्याच्या झडपांना वेटोळ्यांच्याच स्प्रिंगा होत्या. त्याच शर्यतीत आघाडीवर असलेली ग्रॅहॅम हिलची मोटार मात्र कॅम चालविणाऱ्या दंतचक्रांच्या बिघाडामुळे बाद झाली. झडप उघडताना स्प्रिंग कॅमला अडविते आणि मिटताना त्याला पुढे रेटते. या आलटून-पालटून येणाऱ्या पिळाने दातांवर हादरे बसत. कीथ डकवर्थ याने अखेर दंतचक्रातच पिळल्या जाणाऱ्या बारीक दांड्या बसवून हे हादरे शोषून घेतले. स्प्रिंगचा प्रश्न झडपेपाशी थांबत नाही, तो कॅममार्गे साऱ्या यंत्रात पसरतो, याचा याहून बोलका दाखला मिळणे कठीण.

१९८६ मध्ये रेनो कंपनीने ज्यां-पिएर बूदी याच्या कल्पनेनुसार पोलादी वेटोळ्याच्या जागी दाबाखालील वायू आणला. वायूला वेटोळी नाहीत, तेव्हा त्यांतून धावणारी लाटही नाही. पुढील वीस वर्षांत याच वाटेने शर्यतीची एंजिने मिनिटाला २०,००० फेऱ्यांपर्यंत पोहोचली. कॅमचे तत्त्व मात्र तेच राहिले. बदलला तो त्याचा जोडीदार.

८

या विवेचनावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. एक, वेगवान एंजिनाच्या प्रत्येक टप्प्यावर कॅमच्या आकांक्षेला स्प्रिंगने मर्यादा घातली, आणि ती मर्यादा सारण्याचे मार्ग तीनच होते : भार हलका करणे, स्प्रिंग सुधारणे, किंवा कॅमलाच स्प्रिंगच्या स्वभावानुसार आकार देणे. चौथा मार्ग स्प्रिंगला निरोप देण्याचा. तो फार थोड्यांना परवडला. दुसरी गोष्ट, सर्वांत जोरकस स्प्रिंग ही सर्वांत योग्य स्प्रिंग नव्हे. कॅमला पुरेल एवढी, आणि त्याला झिजविणार नाही एवढीच, हे तिचे माप. कॅलिफोर्नियाच्या कोरड्या सरोवरांवर आणि प्रयोगशाळांच्या कागदांवर हे माप निरनिराळ्या वाटांनी, पण एकच निघाले.

बंधनात धावणाऱ्या झडपेला आपली ओळख मानणाऱ्या डुकाटीने २०२० साली मल्टिस्ट्राडा व्ही-४ या मोटारसायकलीच्या नव्या एंजिनात साध्या स्प्रिंगा बसविल्या आणि झडपांची तपासणी ६०,००० किलोमीटरांनी केली तरी चालेल असे जाहीर केले. ज्या स्प्रिंगवर अविश्वास म्हणून ही रचना स्वीकारली गेली, ती स्प्रिंग आता विश्वासास पात्र झाली होती. इतिहासकाराने तिला तळटीपेतून बाहेर काढण्यास एवढे कारण पुरेसे आहे.